‘इथलं नाही’ म्हणजे मग कुठलं?

जमीन-महसूल प्रश्नोत्तरं
उत्तरं देणार : एक निवृत्त अव्वल कारकून

या महिन्यात पत्रं कमी आणि राग जास्त आलाय. सगळ्यात रागावलेलं पत्र आधी घेते. त्याचं उत्तर लांबणार आहे, तेव्हा बाकीच्यांनी जरा दम धरावा. कचेरीत बसवतात तेवढा वेळ नाही बसवणार.

प्रश्न : मॅडम, गणपतीच्या आधी मी तुमच्या सदराला पत्र पाठवलं होतं. त्यात तीन गोष्टी विचारल्या होत्या. आईचा गुडघा जिना चढताना धरतो, त्यावर काय करावं? हापूसचा मोहोर दोन वर्षं गळतोय, त्याला काय फवारावं? आणि वडील वारले, त्यांच्या जागी आम्हा भावंडांची नावं सातबाऱ्यावर का येत नाहीत? ग्रामपंचायतीत मृत्यूचा दाखला जोडून अर्ज दिलाय, पोचही घेतलीय. उत्तर म्हणून तुमचं पोस्टकार्ड आलं : ‘पहिले दोन प्रश्न या सदराचे नाहीत. तिसरा वेगळ्या कागदावर, गावाचं नाव आणि गट नंबर लिहून पाठवा.’ मासिक एकच, पत्ताही एकच. आतल्या आत इकडचं तिकडे द्यायला काय जातं? सरकारी नोकरीची सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही वाटतं.
– एक वाचक, ता. संगमेश्वर

उत्तर : दादा, सवय सुटलेली नाही, हे मान्य. घरीसुद्धा वाण्याच्या यादीला मी क्रमांक घालते, आमचे हे त्यावरून अजून हसतात.

पण आतल्या आत देण्याचं सांगते. मासिकाच्या कचेरीत एक मुलगी टपाल फोडते आणि कप्प्यांत टाकते. गुडघ्याचा कप्पा डॉक्टरांचा, मोहोराचा कृषीवाल्यांचा, सातबाऱ्याचा माझा. तुमचं पत्र एका कागदावर, तेही पाठपोट. पुढच्या बाजूला आई आणि मोहोर, मागच्या बाजूला वडिलांची जमीन. फाडून वाटलं असतं तर डॉक्टरांकडे गुडघ्याच्या पाठीवर तुमचा अर्धा वारस गेला असता. अखंड कागद कुठल्या तरी एकाच कप्प्यात जाणार. तो माझ्याकडे आला, म्हणून निदान पोस्टकार्ड तरी मिळालं. तीन प्रश्न असतील तर तीन कागद करा, पाकीट एकच चालेल. प्रत्येक कागदाच्या डोक्यावर सदराचं नाव घाला. एवढं केलंत की ती मुलगी तुम्हाला दुवा देईल.

आता तुमचा तिसरा प्रश्न, तोच खरा माझा. तुम्ही अर्ज दिलात ग्रामपंचायतीत. ग्रामपंचायतीने काय केलं असेल, तर नमुना ८ ला, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीच्या नोंदवहीत, घरापुढे तुमची नावं चढवली असतील. जमिनीच्या सातबाऱ्याशी ग्रामपंचायतीचा संबंध नाही. ते दप्तर तलाठ्याचं, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. गाव तेच, बऱ्याचदा इमारतही तीच, खोली मात्र वेगळी. तुमच्याजवळची पोच खरी आहे, पण ती दुसऱ्याच कामाची आहे.

तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या. सोबत मृत्यूचा दाखला, ८अ चा उतारा (हा तलाठ्याकडचा, खात्यावरच्या जमिनींचा; घरपट्टीच्या नमुना ८ शी गल्लत नको) आणि सगळ्या वारसांची नावं, वयं, नाती, पत्ते. सगळ्या म्हणजे सगळ्या. लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावं ‘चुकून’ राहण्याचे प्रकार मी ३२ वर्षं बघितलेत आणि त्यातला चुकून राहिलेला एकही मला आठवत नाही. फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, धरला की हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं. ते महिने ग्रामपंचायतीची पोच खिशात ठेवून घालवू नका.

आता रागाकडे येते.

तालुक्याच्या कचेरीत खोल्या असतात तशी संकलनं, म्हणजे कामाचे विभाग, असतात : हक्कनोंद, कुळकायदा, जमाबंदी, पुरवठा, संजय गांधी निराधार, फौजदारी, निवडणूक. प्रत्येक टेबलाची कार्यविवरण नोंदवही वेगळी. बाहेरच्या माणसाला ही सगळी मिळून एकच ‘सरकार’ दिसते, त्यात त्याचा दोष नाही. पण टेबलावरच्या माणसाला आपल्या टेबलाचाच कागद पुढे सरकवता येतो. दुसऱ्याचा कागद आला की तो एक ठरलेलं वाक्य लिहितो : ‘पुढील उचित कार्यवाहीसाठी अग्रेषित.’ माझ्या हातून हे वाक्य किती वेळा लिहिलं गेलं असेल, याचा हिशेब नाही. उचित म्हणजे काय आणि कार्यवाही कोणाची, हे त्यात कुठेच नसतं. कागद मात्र टेबलावरून जातो, आणि तेवढंच हवं असतं.

एक गोष्ट सांगते. तालुक्याचं नाव सांगत नाही. घाटमाथ्यावरचा होता, पाऊस भरपूर आणि रस्ते गाडीवाटेचे.

त्या वर्षी मी पुरवठ्याच्या टेबलावर होते. जून महिना, शाळा सुरू व्हायच्या दिवसांत रेशनकार्डाला ही रांग. त्या रांगेत एक आजोबा उभे राहिले. पाऊण तासाने नंबर आला तेव्हा कळलं की त्यांचं काम रेशनचं नव्हतंच. गुढीपाडवा होऊन आठवडा झाला नाही तोच शेजाऱ्याने त्यांची वहिवाटीची गाडीवाट नांगरून टाकली होती आणि तोंडाला बांध घातला होता. पेरणी तोंडावर आलेली. बैलं जात नव्हती, खत जात नव्हतं. आजोबा म्हणाले, ‘बाई, वाट मोकळी करून द्या.’

मी म्हटलं, ‘हे इथलं नाही. बारनिशीला द्या.’ आणि पुढच्या माणसाचं कार्ड हातात घेतलं.

खोटं काही बोलले नव्हते. पुरवठ्याचं ते काम नव्हतं आणि बारनिशीला, म्हणजे आलेले कागद नोंदवणाऱ्या टेबलाला, कुठलाही कागद देता येतो. आजोबांनी बाहेर बसलेल्या अर्ज लिहिणाऱ्याकडून ‘तक्रारी अर्ज’ लिहून घेतला : शेजारी दांडगाई करतो, शिवीगाळ करतो, वाट अडवली आहे. बारनिशीच्या मुलाने ‘शिवीगाळ’ वाचलं आणि कागद फौजदारीला टाकला. फौजदारीने तो पोलीस ठाण्याला धाडला. ठाण्याने दोघांना बोलावून समज दिली आणि वाटेचा प्रश्न महसुलाचा म्हणून मोकळे झाले. मग आजोबा ग्रामपंचायतीत गेले, तिथून तंटामुक्तीच्या बैठकीत. मग कोणीतरी सांगितलं म्हणून जिल्ह्याला, महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिनाला. दर ठिकाणी पोच मिळाली. ते सगळे कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवले होते. जिल्ह्याचा कागद ‘उचित कार्यवाहीसाठी’ म्हणून आमच्याच कचेरीत परत आला. तोवर दिवाळी होऊन गेली होती.

तेव्हा माझी बदली हक्कनोंदीला झाली होती आणि कागद माझ्याच टेबलावर आला. नाव वाचल्यावर पाऊण तास रांगेत उभे राहिलेले ते आजोबा आठवले.

वहिवाटीची वाट अडवली तर त्यावर चांगलं औषध आहे : मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. तहसीलदारासमोर दावा दाखल करायचा. नुसता अर्ज करून भागत नाही. जागेची पाहणी होते, दोन्ही बाजू ऐकतात आणि अडथळा काढण्याचा हुकूम होऊ शकतो. त्याला मुदत आहे सहा महिन्यांची, अडवलं त्या दिवसापासून. पाडवा ते दिवाळी मोजा. मी बोटांवर मोजलं, मग कॅलेंडर काढून मोजलं.

कागदांची पिशवी भरलेली होती, पण त्यातल्या एकाही पोचेने सहा महिन्यांचं घड्याळ थांबवलेलं नव्हतं. चुकीच्या टेबलाची पोच ही अशी महाग पडते. हातात कागद असतो, त्यामुळे माणूस निर्धास्त राहतो आणि मुदत तिकडे चालूच असते. पुढे त्यांना जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ ने बांधावरून रस्ता मागावा लागला. तेही तहसीलदारच देतात, पण ते नव्या रस्त्याचं काम. गरज आहे का, दुसरी वाट आहे का, कुणाचं नुकसान किती, हे सगळं बघून. जी वाट त्यांच्या बापजाद्यांची होती, ती त्यांना नव्याने मागावी लागली. मिळाली, पण पुढचा पावसाळाही त्यात गेला. त्या वर्षी खत डोक्यावरून नेलं, असं त्यांच्या सुनेने मला सांगितलं. तिला माहीत नव्हतं की जूनमधली ती बाई मीच.

तेव्हा दादा, तुमचं पोस्टकार्ड मी सवयीनेच पाठवलं, हे खरं. पण त्या कार्डावर तिसऱ्या प्रश्नाचं काय करायचं तेही लिहिलं होतं, ते परत एकदा वाचा. ‘इथलं नाही’ एवढंच म्हणून गप्प बसायचं नाही, हे मी त्या वर्षी ठरवलं. मात्र दोन प्रश्नांचं ‘कुठलं’ त्यात लिहायचं राहिलं, तेवढी चूक पदरात घेते : गुडघा ‘आरोग्य’ सदराला, मोहोर ‘शेतीवाडी’ सदराला. फवारणीचं विचारताना झाडांचं वय आणि आधी काय फवारलंय तेही लिहा, नाहीतर तिकडूनही पोस्टकार्ड येईल.

प्रश्न : ताई, मी नोकरीनिमित्त बडोद्याला असतो. देवगड तालुक्यातल्या आमच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर आजोबांचं आडनाव चुकलंय. जुन्या हाताने लिहिलेल्या उताऱ्यावर बरोबर आहे, संगणकावर चढवताना चुकलं. मी एक सविस्तर पत्र तयार करून तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी, पालकमंत्री आणि मुख्यमंत्री यांना एकाच दिवशी पाठवलं. आठ महिने झाले, कुणाचंच उत्तर नाही. आणखी कुणाला पाठवू?
– एक वाचक, बडोदा

उत्तर : आणखी कुणालाही नको! सातांपैकी सहांना पाठवलंत, तिथेच घोटाळा झाला.

सात जणांना गेलेलं पत्र सातही जण ‘दुसरा बघतोय’ म्हणून बाजूला ठेवतात. वरची पत्रं घरंगळत खाली येतात, एकेका टप्प्यावर ‘अहवाल सादर करावा’ असा शेरा घेऊन. शेवटी तहसील कचेरीत तुमच्याच नावाचे चार कागद चार वेगवेगळ्या बारनिशी क्रमांकांनी पडतात. कारकुनाला वाटतं, एकाचं उत्तर दिलं की चारही निकाली. कोणत्या एकाचं, हे ठरत नाही. मुंबईला पाठवलेला कागद मोठा आणि तहसीलचा लहान, असंही नसतं. काम ज्याच्या सहीने होतं त्याचाच कागद मोठा.

तुमचं काम तहसीलदारांच्या सहीने होतं. लिहिताना झालेली चूक दुरुस्त करण्यासाठी जमीन महसूल अधिनियमाचं कलम १५५ आहे. एकच अर्ज, तहसीलदारांच्या नावे. विषयाच्या ओळीत ‘कलम १५५ अन्वये लेखनप्रमाद दुरुस्ती’, मग गाव, गट नंबर, खाते नंबर. खाली दोन ओळी : हस्तलिखित उताऱ्यावर असं आहे, संगणकीय उताऱ्यावर असं झालंय. जोडायला जुन्या सातबाऱ्याची नक्कल, ज्या फेरफाराने नाव लागलं त्या फेरफाराची नक्कल आणि आत्ताचा उतारा. आजोबांनी जमीन कशी घेतली, आंब्याची किती झाडं होती, हे तुमच्या सविस्तर पत्रात फार छान आलंय. मी ते दोनदा वाचलं. पण कारकुनाला ते नको असतं.

आठ महिन्यांपूर्वीच्या सात पत्रांचा उल्लेखही करू नका, नाहीतर तो आधी ती शोधत बसेल.

प्रश्न : तलाठी आमच्या राहत्या घराचा उतारा देत नाहीत. ‘माझ्याकडे नाही’ म्हणतात. पैसे हवेत का त्यांना?
– एक वाचक, ता. जावळी

उत्तर : पैशांचं मला माहीत नाही, पण यावेळी ते खरं सांगतायत. गावठाणातलं घर सातबाऱ्यावर नसतं. घरपट्टीचा उतारा हवा असेल तर तो ग्रामपंचायतीकडे, नमुना ८. मात्र तो कर कोणाकडून घ्यायचा हे सांगतो, मालकी ठरवत नाही. घरावर कर्ज काढायला गेलात की हे बँक तुम्हाला सांगेलच. गावठाणाचं भूमापन झालं असेल तर मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात मिळेल. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली आहेत, तुमच्या गावाचं झालंय का ते तिथेच विचारा. आणि तलाठ्यांना पुढच्या वेळी भेटाल तेव्हा ‘मग कोणाकडे आहे?’ असं सरळ विचारा. ते न सांगणं, ही तक्रार मात्र माझ्या लेखी खरी.

प्रश्न : बांधाची मोजणी करून शेजाऱ्याचं अतिक्रमण काढून द्यावं म्हणून तलाठ्यांना चार अर्ज दिले.
– एक वाचक, ता. माण

उत्तर : तलाठ्याकडे मोजणीचं यंत्र नसतं. मोजणी तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमि अभिलेख यांच्याकडे, फी भरून. मोजणी झाली की हद्दी दाखवलेला नकाशा मिळतो, त्याला ‘क’ प्रत म्हणतात. अतिक्रमण निघालं आणि शेजाऱ्याने ऐकलं नाही तर पुढे काय, ते ‘क’ प्रत हातात आल्यावर विचारा. आत्ताच विचारलंत तर मला अंदाजाने बोलावं लागेल.

प्रश्न : माहितीच्या अधिकारात अर्ज केला होता. त्यात सात वेगवेगळ्या गोष्टी विचारल्या होत्या : आमच्या गटाचे सगळे फेरफार, गावातल्या रस्त्याचा खर्च, शाळेची पटसंख्या, शेवटी ‘माझी नोंद का नामंजूर केली?’ उत्तर आलं की एकाच विषयाचा अर्ज करावा. ही टाळाटाळ नाही का?
– एक वाचक, ता. इंदापूर

उत्तर : नाही हो. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. मला स्वतःला तो नियम फारसा आवडत नाही. गरीब माणसाला सात विषयांसाठी सात वेळा १० रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट लावायला लावतो. पण तुमचा अर्ज बघता कुणी तरी तो का आणला, हेही समजतं.

तुमचे फेरफार महसुलाकडे, रस्ता बहुधा ग्रामपंचायत नाहीतर जिल्हा परिषदेकडे, पटसंख्या शिक्षण विभागाकडे. तीन अर्ज करा. पत्ता चुकला तरी घाबरू नका. या कायद्यात एक सोय आहे जी आमच्या काळात बाकी कुठे नव्हती : कलम ६(३). विषय ज्यांच्याकडचा आहे त्यांच्याकडे तुमचा अर्ज पाच दिवसांत पाठवणं आणि तसं तुम्हाला कळवणं, हे अर्ज घेणाऱ्यावर बंधन आहे. म्हणजे ‘इथलं नाही’ बरोबर ‘कुठलं’ सांगणं कायद्यानेच घातलंय. २००५ मध्ये हा कायदा आला तेव्हा आमच्या कचेरीत बरेच जण वैतागले होते. मी ते कलम वाचून थोडा वेळ गप्प बसले होते.

‘का नामंजूर केली’ हे मात्र माहितीच्या अर्जात विचारू नका. त्या कायद्याने दप्तरात असलेला कागद मिळतो, अधिकाऱ्याचं मन मिळत नाही. नामंजुरीच्या आदेशाची नक्कल मागा. कारण त्यातच लिहिलेलं असतं. ते पटलं नाही तर प्रांतांकडे अपील करायचं आणि त्याची मुदत ६० दिवस. तारीख आजच बघा. माहितीच्या अर्जाचे ३० दिवस मोजत बसलात तर त्या ६० तले निम्मे गेले.

प्रश्न : आमच्या ऊसात बिबट्या आहे. काल रात्री शेळी नेली. काय करावं?
– एक वाचक, ता. जुन्नर

उत्तर : अहो, हे पत्र माझ्या हातात यायला नऊ दिवस लागले, अंक तुमच्या हातात पडायला आणखी पंधरा! वनविभागाला फोन करा, १९२६. पंचनामा होईपर्यंत जागा आहे तशी ठेवा, म्हणजे भरपाईत अडचण येत नाही. संध्याकाळी पोरांना एकटं पाठवू नका. आणि बिबट्याचं मासिकाला पत्राने विचारत जाऊ नका, कुठल्याच सदराला.

पुढच्या अंकासाठी पत्रं १५ तारखेपर्यंत पोचावीत. गाव, तालुका, गट नंबर आणि आधी कुठल्या कचेरीत काय दिलंय त्याची तारीख, एवढं हवंच. तारखा मला प्रश्नापेक्षाही आधी बघायच्या असतात. आणि ज्यांचं काम झालंय त्यांनी दोन ओळींचं कार्ड टाकावं. संगमेश्वरच्या दादांनी तर नक्कीच, बहिणींच्या नावांसकट.